मसलतीचा ओश आणि खिशातले चणे

लग्न ठरलं की मसलतीचा ओश, सुंता ठरली की मसलतीचा ओश. चुलत्याने घर विकावं की न विकावं, त्यालाही मसलतीचा ओश. मोठ्या लोखंडी कझानभर पुलाव शिजवायचा, नातेवाइकांना बोलवायचं आणि परात रिकामी होईपर्यंत निर्णय घ्यायचा, ही कोकंदची रीत. पण माणसाचं पोट कोणत्या पद्धतीने कापावं, हे ठरवायला ओश शिजवणारं घर त्या गल्लीत हे पहिलंच. शेजारणींनी भिंतीवरून दोनदा विचारून खात्री करून घेतली.

बोलावणी मुकद्दसने धाडली होती. तिच्या नवऱ्याला, तुरसुनअलीला, त्यात काही वावगं वाटलं नाही.

"रिकाम्या पोटी पोटाचा निर्णय कसा होणार?" तो म्हणाला.

तो स्वतः गेले दहा दिवस रिकाम्या पोटी होता. निदान कागदोपत्री. ताश्कंदच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे ताक आणि गाळलेला शोरबा यांवर राहायला सांगितलं होतं, आणि काय पोटात जातं ते रोज वहीत लिहायला. वही मोठी देखणी होती. सकाळी ताक, दुपारी शोरबा, संध्याकाळी ताक, खाली सही. दहा दिवसांपूर्वी त्याचं वजन एकशे बत्तीस किलो होतं, आज सकाळी एकशे एकतीस भरलं. मुकद्दसला गणित फार येत नव्हतं, पण दहा दिवस ताकावर ठेवलं तर अंगणातली भिंतसुद्धा याहून जास्त उतरली असती, एवढं तिला कळत होतं.

डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात दोन वाटा समोर ठेवल्या होत्या. एक स्लीव्ह: पोटाचा मोठा भाग उभा कापून काढायचा, उरलेल्याची कुडत्याच्या बाहीसारखी नळी करायची. दुसरी बायपास: वरच्या टोकाला इवलीशी पिशवी राखायची आणि आतडं उचलून थेट तिला जोडायचं. दुर्बीण घालून तपासलं तेव्हा अन्ननलिकेत जराशी लाली दिसली होती. "रात्री जळजळ होते का?" त्यांनी विचारलं. "छे," तुरसुनअली म्हणाला. "गोड?" "शिवत नाही." "अधलंमधलं खाणं?" "वेळ कुठे असतो!" मग डॉक्टर वहीवर बोट ठेवून म्हणाले, "ही वही खरी असेल तर स्लीव्हने भागेल. पण जळजळ असेल तर स्लीव्हने ती वाढण्याची भीती. आणि गोडाची, तेलकटाची सवय असेल तर तुमच्या साखरेलाही बायपासच बरा. घरी विचार करा, सोमवारी सकाळी फोन करा."

आज रविवार होता.

वहीतलं एकही वाक्य तुरसुनअलीच्या लेखी खोटं नव्हतं, हीच तर अडचण. तो ओशपाझ होता. बापाकडून आलेल्या कझानवर त्याने आजवर किती लग्नांचा पुलाव शिजवला, ते लग्न लागलेल्यांनाही आठवत नसेल. आणि ओशपाझ जे चाखतो ते खाणं नसतं, कामाचा भाग असतो. सुतार लाकडाला हात लावतो म्हणून तो लाकूड खातो का? चहाबरोबर तोंडात टाकलेली खडीसाखर म्हणजे तर पोटाचं औषध, ती जेवणाच्या वहीत कशाला? आणि रात्री तीन उशा भिंतीला लावून बसल्या बसल्या झोपणं, ती त्याची झोपायची पद्धत.

त्याच्या बापाचीही हीच पद्धत होती. साखरेने आधी बापाच्या पायाची बोटं नेली, मग नजर. अठ्ठावन्नाव्या वर्षी एका लग्नाच्या पहाटे तो हातात झारा घेऊनच कझानशेजारी कोसळला. त्या वर्षी मुकद्दस या घरात नवी सून होती. तुरसुनअलीला आता छप्पन्न झाली होती. हे गणित मात्र तिला नीट येत होतं.

डॉक्टरांसमोर ती गप्प का राहिली? परक्यापुढे बायकोने 'यांची वही खोटी' म्हटलं असतं, तर हा माणूस त्याच खुर्चीतून उठून कोकंदची गाडी धरता, आणि पुन्हा ताश्कंदचं नाव काढता ना. त्याच्या तोंडून ते निघायला हवं होतं. म्हणून हा ओश. आणि म्हणूनच तिच्या कुडत्याच्या डाव्या खिशात आज एक मूठ काबुली चणे होते आणि उजवा खिसा रिकामा होता.

सकाळी नऊला धाकटा दीर बोतिर बाह्या सारून कझानपाशी उभा राहिला. आजचा ओश त्याने शिजवावा, हेही मुकद्दसनेच सुचवलं होतं. कझानची वाटणी होऊ शकली नाही आणि तो थोरल्याकडे राहिला, तेव्हापासून बोतिरच्या वाट्याला लाकडं, परातभांडी आणि मालमोटार एवढंच यायचं. तो हरखून गेला. तुरसुनअली खुर्ची टाकून बाजूला बसला, केवळ देखरेखीला. मुकद्दस थोड्या अंतरावर बेदाणे निवडत बसली.

"चरबी धुरावली का?" तुरसुनअलीने विचारलं.

"धुरावली, अका."

"बघू." झाऱ्याचं टोक त्याने जिभेला लावलं. एक चणा डाव्या खिशातून उजव्यात गेला.

मग रस्सा खारट आहे का ते बघितलं. मग गाजर मऊ झालं का. मग मीठ पुन्हा, कारण मघाशी झाऱ्यावर कांदा होता आणि कांद्याने चव लपते. मग मांस. हाडाजवळचं वेगळं, पाठीचं वेगळं. मधे दोनदा चहा आला, खडीसाखरेचा डबा उघडला. त्यासाठी मुकद्दसने बेदाणे खिशात टाकले. दुपारी तांदूळ पडले, पाणी आटलं. बोतिर लाकडं आणायला मागे गेला, तेव्हा तुरसुनअलीने वरून चिमूटभर मीठ भुरभुरवलं, जरा ढवळलं, आणि ते नीट मुरलं का हे तीन ठिकाणी तपासलं.

सून फेरुझा प्याले घेऊन चालली होती. ती थबकली. "आई, तुमच्या खिशात काय वाजतंय?"

"तुझ्या सासऱ्यांचं जेवण," मुकद्दस म्हणाली. "जा, चहा ठेव."

दीडच्या सुमाराला मंडळी द्राक्षाच्या मांडवाखाली चबुतऱ्यावर बसली. परात मधोमध आली. घरची माणसं तेवढीच बोलावली होती: तुरसुनअलीची थोरली बहीण झुलैहो, बोतिर आणि त्याची बायको दिलोरोम. झुलैहो काडीसारखी वाळकी होती, आणि खाण्यात कुणाला ऐकायची नाही. दिलोरोम वर्षापूर्वी इस्तंबुलला जाऊन स्लीव्ह करून आली होती. तिने चव्वेचाळीस किलो घालवले होते आणि तेवढेच टोमणे कमावले होते. फेरुझा कडेला बसून चहा ओतत होती. झुलैहोच्या प्याल्यात ती प्रत्येक वेळी घोटभरच ओतायची. मानाच्या पाहुण्याला घोटभर द्यायचा, म्हणजे प्याला पुन्हापुन्हा परत येतो. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे प्या आणि निघा.

"पोट कशाला कापायचं?" झुलैहोने पहिला घास घेताघेताच सुरुवात केली. "तोंड शिवून घे. टाके कमी पडतील."

"ओपा, ते ठरलंय," बोतिर म्हणाला. "प्रश्न कोणतं करायचं एवढाच. माझं म्हणाल तर बायपास. पक्कं काम. अका, तुम्ही निवांत बरे व्हा. हंगाम मी सांभाळतो. पुढचाही सांभाळतो."

"त्याच्यापुढचाही सांभाळशील," झुलैहो म्हणाली. "तू बायपास म्हणतोयस ना, मग माझं मत स्लीव्ह. आतडी जन्मापासून जिथे जोडलेली आहेत तिथेच राहू देत. एकदा उचलली की कुठे ठेवली ते कुणाच्या लक्षात राहतंय!"

"आणि तो फुगा?" मुकद्दसने भोळेपणाने विचारलं. "पोटात फुगा घालतात म्हणे."

"सहा महिन्यांनी काढतात तो," दिलोरोम म्हणाली. "काढला की पोट पुन्हा जसंच्या तसं."

"म्हणजे सहा महिने भाड्याने," झुलैहो म्हणाली. "नको. तुझं बरं आहे ग दिलोरोम. आम्ही परदेशातून सामान भरून आणतो, तू अर्धं पोट तिकडेच ठेवून आलीस."

दिलोरोम हसली. परातीच्या आपल्या बाजूने तिने चमचाभर ओश घेतला आणि सावकाश चघळत बसली. मुकद्दसने बघून ठेवलं: झुलैहोचे वीस घास होईतो हिचा एक चमचा.

"वाद कशाला?" तुरसुनअली ताकाचा पेला हातात धरून तृप्त चेहऱ्याने म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, वही बघा. वही म्हणते स्लीव्ह. जळजळ नाही, गोड नाही, अधलंमधलं नाही. आणि स्लीव्ह केलं तर तेलाचं फार पथ्य नाही. दिलोरोम खातेच ना. माझं काम चालू राहील."

"वहीत खरं लिहिलंयस?" झुलैहोने विचारलं.

"ओपा!"

"नाही, विचारते आपली. आज तरी काही गेलं का पोटात?"

"ताक," तुरसुनअली म्हणाला, आणि दुखावलेल्या माणसाच्या घाईने त्याने परातीशेजारच्या नानकडे हात नेला. "ही भाकरी साक्ष ठेवून सांगतो, दहा दिवसांत ताक-शोरब्याखेरीज एक घास जरी..."

त्याची बोटं भाकरीला लागायच्या आत मुकद्दसने उजवा खिसा परातीखालच्या दस्तरखानावर उलटा केला.

चणे टणाटण उड्या मारत सगळीकडे गेले. एक झुलैहोच्या मांडीवर, एक ताकाच्या पेल्यात.

"आधी मोजा," ती म्हणाली. "मग शपथ घ्या. खोटी शपथ भाकरीवर पडली तर घर धुऊन काढावं लागेल मला."

"हे काय आहे?"

"तुमचं आजचं ताक. सकाळी नऊपासून झारा जितक्यांदा तोंडात गेला तितके चणे. एक्केचाळीस. आणि हे बेदाणे अकरा, ते खडीसाखरेचे खडे."



"तू माझ्यावर पाळत ठेवलीस?" तुरसुनअलीचा आवाज चढला.

"एकतीस वर्षं ठेवतेय. आज मोजायला दाणे घेतले, एवढंच."

"अगं, पण ते चाखणं! चाखणं म्हणजे खाणं का? ओपा, तुम्ही सांगा हिला. ओशपाझच्या घरात वाढलात तुम्ही."

सगळ्यांना वाटलं, झुलैहो आता भावाची बाजू घेणार. ती भावजयीची बाजू कधी घेत नसे. पण तिने मांडीवरचा चणा उचलला आणि बोटांत फिरवत राहिली.

"तुरसुन," ती म्हणाली, "आपल्या बाबांना जेवताना कधी पाहिलंस?"

त्याने ताकाचा पेला खाली ठेवला.

"मी नाही पाहिलं. लग्नघरचे लोक मागे लागायचे, उस्ता, दोन घास घ्या. ते म्हणायचे, माझं झालं. घरी आई ताट वाढायची, तर म्हणायचे, माझं झालं. त्यांना उचलायला सहा माणसं लागली. मी तेव्हा रडताना सारखा हाच विचार करत होते, की जेवत नव्हता तर हा माणूस एवढा वाढला कशावर?" तिने चणा अलगद भाकरीशेजारी ठेवला. "चाखण्यावर."

बोतिर मिशीतल्या मिशीत हसला. त्याला फार बोलावं न लागता सगळं बायपासकडे सरकत होतं. तेवढ्यात त्याच्या बायकोने चमचा खाली ठेवला.

"अका, मला जळजळ होते," दिलोरोम म्हणाली. "स्लीव्ह झाल्यापासून. रोज गोळी घेते. रात्री उशी उभी करून झोपते."

"कधी?" बोतिर ओरडला. "मला कसं माहीत नाही?"

"तुम्ही घोरत असता."

"मग वर्षभर आम्हाला फोटो दाखवत हिंडलीस, तेव्हा का नाही बोललीस?" झुलैहोने विचारलं.

"ओपा, बारीक झाल्याचेच टोमणे मोजून होत नव्हते. जळजळीचे कुठे ठेवले असते? मला झालं त्याचा पस्तावा नाही. माझे गुडघे परत आले, साखर नव्हतीच. पण मला आधी जळजळ नव्हती आणि तरी ही गत. तुमच्या खोलीत ईदला गाद्या ठेवायला गेले होते, अका. तीन उशा भिंतीला टेकवलेल्या. मला लगेच कळलं. ते ज्याला होतं त्यालाच कळतं."

मुकद्दसने या जावेला तेवीस वर्षांत सरळ नजरेने फारसं पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

तुरसुनअलीने मान खाली घातली. "फेरुझा," तो म्हणाला, "तू काय म्हणतेस?"

फेरुझा शहरातल्या दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका होती. या अंगणात मात्र ती सून होती, आणि मोठ्यांच्या मसलतीत सून चहा ओतते. तिने सासूकडे पाहिलं.

"बोल की!" झुलैहो म्हणाली. "दवाखान्यात बोलतेस ना? तिकडचं तोंड इकडे लाव."

फेरुझाने दोन प्याले घेतले. एक काठोकाठ भरला. "बाबा, स्लीव्हनंतर पोट साधारण एवढं राहतं." दुसऱ्यात तिने घोटभर ओतला. "बायपासनंतर सुरुवातीला एवढं. जळजळ थांबायला हा बरा, साखरेलाही हा बरा. पण जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर, न चुकता. आणि गोड किंवा तेलकट जास्त गेलं तर घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावं लागतं."

"आणि चाखणं?"

"चमचाभर, कधीतरी चालेल. एक्केचाळीस नाही. नाहीतर..." ती अडखळली. "जिभेवर ठेवून थुंकून टाकायचं."

"थुंकायचं?" तुरसुनअली ताडकन सरळ बसला. "कझानसमोर? बाबांच्या कझानसमोर मी थुंकू?" आणि मग त्याचा आवाज एकदम खाली आला. मुकद्दसने त्याचा असा आवाज सासरे गेले त्या पहाटे ऐकला होता. "मग मी कोण ग? लाकडं जाळणारा. चाखता येत नाही त्या ओशपाझला लग्नाला कोण बोलावतं? आणि पोट शिवल्यावर जिभेचं काय होतं, कुणाला माहीत. गेली तर?"

तर ही गोष्ट होती. खोटेपणा नव्हता, भीती होती. खिशातल्या दाण्यांनी ती मोजली गेली नव्हती, आणि मुकद्दसला आपल्या हुशारीची जराशी लाज वाटली.

"मी आहे ना, अका," बोतिर मायेने म्हणाला. "मी चाखीन."

तुरसुनअलीने त्याच्याकडे पाहिलं. "बरं. आजचा ओश तूच केलास. सांग, कसा झालाय?"

"एक नंबर."

"एक नंबर म्हणजे काय?"

"म्हणजे... झकास."

"ओपा?"

"मी चौथ्यांदा घेतेय, दिसत नाही का?"

"तू?" त्याने दिलोरोमला विचारलं, केवळ राहिली होती म्हणून.

"मी तीनच चमचे खाल्लेत."

"तिन्हींचं सांग."

दिलोरोमने डोळे मिटले. "कांद्याने पाणी सोडायचं संपवलं नव्हतं आणि गाजर पडलं, म्हणून गाजराला थोडी उकडल्याची चव आहे. जिरं चोळून टाकलेलं नाही, अख्खंच गेलंय. आणि मीठ दोनदा पडलंय. पहिलं कमी होतं. दुसरं तांदूळ शिजत आल्यावर वरून पडलं, ते मांसापर्यंत गेलंच नाही. तांदूळ बरोबर आहे, मांस अळणी."

बोतिर काहीतरी म्हणायला गेला. तुरसुनअलीने हात वर करून त्याला थांबवलं. ते दुसरं मीठ त्याने एकट्याने टाकलं होतं. ते पाहणारी अंगणात एक मुकद्दस होती, आणि ती काही बोलली नव्हती.

"तुला कसं कळलं?"

"पूर्वी ताटभर खायचे तेव्हा काहीसुद्धा कळत नव्हतं, अका. पोटात ढकलायचं, की झालं. आता तीन चमच्यांवर भागवायचं असतं. तीनच मिळणार म्हटल्यावर माणूस नीट खातो. जीभ कुठेही जात नाही. उलट ती मला त्यानंतरच मिळाली."

तुरसुनअली भाकरीकडे बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला. पण त्याचा हात भाकरीवरून पुढे गेला आणि त्याने घोटभर चहाचा तो प्याला उचलला. एका दमात संपवला आणि फेरुझापुढे धरला.

"ओत," तो म्हणाला. "तेवढाच."

तिने तेवढाच ओतला.

"जन्मभर दुसऱ्यांना मानाचा प्याला दिला," तो म्हणाला. "पोटाला नेहमी काठोकाठ. उद्या डॉक्टरांना सांग, बायपास. आणि वही पहिल्यापासून लिहायला घे. मी सांगतो, तू लिही. तीन उशा पण लिही."

"आणि कझान?" बोतिरला राहवेना.

"कझानपाशी तू उभा राहा. दिलोरोम शेजारी उभी राहील आणि चाखून सांगेल. ती म्हणेल तेव्हा मीठ. मी खुर्चीत."

"बाई? लग्नाच्या कझानपाशी? लोक काय म्हणतील!"

"मग काय, तुझी जीभ उभी करू?" झुलैहो म्हणाली. "तिला मी उपटून आत टाकलं तरी एक नंबरच म्हणेल." आणि कुणी आणखी फाटे फोडायच्या आत तिने दोन्ही तळवे वर केले, भावाच्या आयुष्यासाठी झरझर दुवा मागितली आणि हात तोंडावरून फिरवले. सगळ्यांनी फिरवले. मसलत संपली.

बोतिर मात्र उठेना. त्याचे मुद्दे शिल्लक होते. बाई ती बाई, त्यात अर्ध्या पोटाची, त्यात आपलीच बायको. मुकद्दसने किटली स्वतःच्या हातात घेतली आणि त्याचा प्याला भरला. भरत गेली. चहा काठावर येऊन फुगला, तेव्हा थांबली.

बोतिरने प्याल्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पिऊन टोपी शोधायला लागला. दिलोरोम चपला घालताना मुकद्दसने तिच्या हातात गाठोडं दिलं.

"काय आहे, जाऊबाई?"

"लहान उशी. कडक आहे. उभी केली तर घसरत नाही."

उन्हं भिंतीवर चढली तेव्हा तुरसुनअली कझान घासायला बसला. ते काम तो कुणाला करू देत नसे. मुकद्दस दस्तरखानावरचे चणे वाटीत गोळा करत होती. एक्केचाळीस भरले. ताकाच्या पेल्यातलाही तिने काढून पुसला. कझानच्या तळाशी खरपूस तांदळाची पापडी चिकटली होती. तिचा एक तुकडा सुटला आणि तुरसुनअलीच्या बोटाबरोबर अगदी सहज तोंडाकडे गेला. त्याची पाठ तिच्याकडे होती. तिने पाहिलं आणि मान वळवून वाटीत बघत राहिली. आज पुरे, असं तिने मनाशी म्हटलं.

थोड्या वेळाने पावलं वाजली. तो ओल्या हातांनी येऊन समोर उभा होता. चणे परत भरायला तिने आणलेल्या बरणीतून त्याने एक चणा काढला, बोटांत धरून क्षणभर उन्हात पाहिला आणि वाटीत टाकला.

"बेचाळीस," तो म्हणाला, आणि कझानकडे परत गेला.